मास्तरचा गाल

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास नानाने मास्तरच्या गालावर बोटं टेकवली. गाल गुळगुळीत होता. आठवड्याची दाढी असायला हवी तिथे बोट नुसतं घसरत गेलं.

नवऱ्याच्या शर्टावर परका लांब केस सापडला की बायको जशी बघते, तसा नाना त्या गालाकडे बघत राहिला.

"कुणी केली?"

"काय?"

"काय म्हणजे? दाढी."

"हां, ती होय," मास्तर छताकडे बघत म्हणाला. "काल संध्याकाळी तो आला होता. म्हटलं, आलाच आहेस तर उरकून टाक."

तो म्हणजे कोण, हे नानाला विचारावं लागलं नाही. मास्तरचे कल्ले खालून सरळ कापलेले होते, पट्टी लावून रेघ ओढावी तसे. नाना पन्नास वर्षं कल्ला तिरका कापत आला होता, कानाकडून गालाकडे उतरता. त्याच्या उस्तादाची ती पद्धत, आणि उस्तादाच्या उस्तादाचीही. सरळ कल्ला कापणारा या गल्लीत एकच होता.

त्याला सगळे नवा म्हणायचे. समोरच्या बाजूला दुकान टाकून त्याला सहा वर्षं झाली होती, बायको आली, दोन पोरं झाली, तरी तो नवाच. शंभरी गाठली असती तरी नवाच राहिला असता. दूर देशातून आलेला, रंगाने वेगळा, आपली भाषा बोलायचा ती शब्द उचलून नीट जागेवर ठेवल्यासारखी. नानाला त्या बोलण्याचाही राग यायचा, कारण त्यात चूक सापडायची नाही.

"आधीही येत होता का हा?" नानाने विचारलं.

मास्तरने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. पण मास्तरला सांभाळणारी बाई आतून भांडी विसळता विसळता म्हणाली, "दर शुक्रवारी येतो की. या शुक्रवारी त्याची मुलगी तापली होती, म्हणून काल आला." ती बिचारीही बाहेरच्यांपैकीच, तिला यात लपवण्यासारखं काय आहे ते कळलंच नव्हतं.

आता नानाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात त्याला स्वतःचं तोंड दिसलं ते मूर्खाचं. गेलं वर्षभर तो जगाला सांगत होता की मास्तरची दाढी मंदावली. "आठवड्याची वाढ बघाल तर दोन दिवसांएवढी. वय झालं की मुळं थकतात हो," असं तो खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा आणि गिऱ्हाईक आरशात बघत हूं म्हणायचं. पन्नास वर्षांचा कारागीर, आणि दोन दिवसांची दाढी त्याने आठवड्याची म्हणून स्वीकारली, सरळ झालेला कल्ला दर रविवारी पुन्हा तिरका करूनही. शुक्रवारी एक जण उरकून जात होता आणि रविवारी हा त्याच गालावर ब्रश फिरवून स्वतःवर खूश होत होता.

त्याने पिशवी उचलली आणि जिना उतरला. मास्तर मागून "अरे, बस तरी" म्हणाला, ते त्याने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

बाकी कुणी गेलं असतं तर नानाने चार शिव्या हासडून विषय मिटवला असता. पण मास्तर! एकोणीस वर्षांचा असताना नाना उस्तादाच्या दुकानात नुसता झाडू मारायचा, कारण शिकाऊ पोराच्या हाती गळा द्यायला कोण तयार होणार? तेव्हा हा शाळासोबती येऊन खुर्चीत बसला आणि म्हणाला, "माझ्यावर शिक." तीन ठिकाणी कापलं. तुरटी लावून घेतली आणि पुढच्या आठवड्यात परत आला. तेव्हापासून तो गाल नानाचा होता. मास्तर शिक्षक झाला, निवृत्त झाला, विधुर झाला, दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडून खुब्याचं हाड मोडून घेतलं आणि पलंगाला खिळला. नाना पिशवी घेऊन वर जाऊ लागला. दुकान आज ना उद्या बंद होणार हे नानाला मान्य होतं. रविवारची ही एक दाढी सुटायला नको, एवढंच त्याचं मागणं होतं.

घरी आल्यावर तोंड बघूनच नानी समजली. "काय झालं?"

"मास्तर त्या नव्याकडून दाढी करून घेतो. वर्षभर. चोरून."

नानी डाळ निवडत होती. तिने खडा बाजूला टाकला. "अगंबाई. म्हणजे मला नाही ती सवत तुम्हाला मिळाली म्हणायची."

"तुला चेष्टा सुचते!"

"मग काय रडू? एका गालासाठी एवढा तिळपापड? आमच्यासाठी कधी झाला नाही तो."

नाना जेवला नाही. म्हणजे जेवला, पण कमी.

दुसऱ्या दिवसापासून त्याला एक रोगच जडला. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचे कल्ले तो वाचू लागला. गल्लीत म्हाताऱ्यांना काय तोटा? कारखाना गेला, त्याच्यामागे पोरं गेली, पोरांच्या मागे शाळा गेली. शाळेच्या वर्गांत आता गुडघ्यांचे व्यायाम चालायचे. उरलेल्यांना उचलायला, धुवायला, बस चालवून दवाखान्यात न्यायला बाहेरून माणसं आली, आणि आता गल्लीत बाबागाड्या दिसायच्या त्या त्यांच्याच. औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर सकाळी सहा म्हातारे बसत. नानाने समोरून दोन फेऱ्या मारल्या आणि हिशेब लागला. सहांपैकी पाच कल्ले सरळ. सहाव्याला पांढरी दाढी होती.

हेच लोक केस कापायला नानाकडे यायचे! "केसांना तूच रे बाबा," म्हणायचे. दाढीचं विचारलं की "घरीच खरवडतो आता" म्हणून मोकळे व्हायचे. सगळे खोटारडे. गळा नव्याकडे आणि टाळू माझ्याकडे. नव्याकडे असं काय होतं जे त्याच्याकडे नव्हतं? नाना दुकानाच्या दारात उभा राहून समोर बघायचा. नव्याची खुर्ची रेक्झिनची, नानाची लाकडाची. नव्याचा आरसा स्वच्छ, नानाच्या आरशाचा पारा उडालेला. आणि नव्याच्या दुकानातून हसण्याचा आवाज यायचा. त्याच म्हाताऱ्यांचा, ज्यांनी नानाकडे बसून वर्षानुवर्षं फक्त रक्तदाब सांगितला होता. नानाच्या पोटात दुखायचं म्हणजे खरोखर दुखायचं. नानी ओवा द्यायची.

असा आठवडा गेला आणि बाकावरचा कंडक्टर केस कापायला आला. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण कंडक्टर तो कंडक्टरच. एक गोष्ट ऐकली की सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी सांगायची त्याची सवय. नानाने त्याची कॉलर खाली सारली तर मानेवर मागे लाल पुरळ. नानाने एका नजरेत ओळखलं. कोऱ्या लोकरी मफलरचं घासणं. मफलर खुंटीवर लटकतच होता, खरखरीत, हिरवा. दाढीचा वस्तरा मानेच्या त्या जागी कधी जातच नाही. हे शिकाऊ पोरालाही कळेल.

"खाजतं का रे?" नानाने विचारलं.

"खाजतं जरा. का?"

"दाढी कुठे करतोस?"

कंडक्टर चुळबुळला. "घरी… म्हणजे कधीकधी समोर."

नानाने कात्री थांबवली. जीभ टाळ्याला लावून च्च केलं. मग म्हणाला, "एकच ब्लेड सगळ्यांना वापरतात म्हणे त्यांच्यात."

एवढंच. पुढे एक शब्द नाही. पण अशा बोलण्याला पाय फुटतात, आणि कंडक्टरच्या तोंडी पडलं तर चाकं.

चार दिवसांत पुरळ कंडक्टरच्या मानेवरून उतरलं आणि गल्लीभर पसरलं, म्हणजे ज्याला झालं नव्हतं त्यालाही खाजू लागलं. आठव्या दिवशी नव्याचं दुकान रिकामं. तो दारात उभा राहून रस्ता बघायचा आणि नाना आपल्या दारात उभा राहून त्याला बघायचा. नानाला इतकं बरं वाटलं की त्याने आरसा पुसून काढला आणि ब्रश गरम पाण्यात घालून ठेवले. आता येतील लेकाचे.

आले. पहिला आला तो खुर्चीत बसायच्या आधी म्हणाला, "ब्लेड नवं आहे ना? पाकीट माझ्यासमोर फोड."

"पन्नास वर्षांत कधी विचारलंस?"

"तेव्हा कुठे माहीत होतं असलं काही असतं म्हणून."

दुसरा स्वतःचा टॉवेल घेऊन आला. तिसऱ्याने नुसतेच केस कापून घेतले आणि तेही नाकाला रुमाल लावून. बाकीचे आलेच नाहीत. कुणी घरी खरवडून घ्यायला लागला, कुणी दाढी वाढवली. आणि गोष्ट दाढीवर थांबली असती तर बरं झालं असतं. वरच्या मजल्यावरच्या मावशीने सांभाळायला येणाऱ्या बाईकडून किल्ली काढून घेतली. चार वर्षं ती बाई त्या किल्लीने दार उघडून मावशीला उठवत होती, आता दाराबाहेर उभी राहून हाका मारायची. बेकरीत लोक पावाला कुणाचा हात लागला ते विचारू लागले. बाहेरच्यांवर संशय घेता घेता आपल्यांवरही येऊ लागला. बाकावर सहाचे तीन झाले, आणि तेही एकमेकांपासून हातभर अंतर राखून. गल्लीत धंदा वाढला तो फक्त कुलूपवाल्याचा. तेल गेलं, तूप गेलं, नानाच्या हाती धुपाटणं राहिलं.

तरी त्याला मास्तर होता ना. नवा आता तिकडे जाणं शक्य नव्हतं. नाना रविवारी पिशवी घेऊन जवळजवळ पळतच जिना चढला. मास्तरच्या गालावर आता खरोखरची दाढी होती, आठवड्याची, पांढरी.

"आज नको," मास्तर म्हणाला.

पुढच्या रविवारी "जरा सर्दी आहे." त्याच्या पुढच्या रविवारी "राहू दे की. बरी दिसते." बरी कुठली दिसत होती! जेवण अडकत होतं तिच्यात. मास्तर सारखा हनुवटी खाजवत होता. चौथ्या रविवारी नानाचा बांध फुटला.

"त्याच्यासाठी राखून ठेवलायस का गाल? सरळ सांग ना! पन्नास वर्षं मी घासली ती काय होती? तो आला काल, कुठून आला पत्ता नाही, आणि तुम्हा सगळ्यांना त्याचाच हात गोड! काय आहे त्याच्यात?"

"नाना, खाली बस."

"नाही बसत. काय आहे त्याच्यात ते सांग."

मास्तरने उशीवरून मान वळवली. "हात आहे," तो म्हणाला. "स्थिर."

नानाने पिशवी छातीशी धरली.

"मागच्या वर्षी तू मला कानाखाली कापलंस. आठवतं?"

"कापलं कधी? जरासा ओरखडा."

"तू गेल्यावर दुपारपर्यंत वाहत होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत मला, ते थांबत नाही. ही बाई घाबरून रडायला लागली. माझ्या मुलीने फोनवर सांगितलं, नानाकाकांना आता वस्तरा हातात घेऊ देऊ नका. मी म्हटलं, ते जमणार नाही. तुला कसं सांगणार होतो? मग मी त्या पोराला बोलावलं. शुक्रवारी तू येऊन जा म्हटलं. म्हणजे रविवारी नानाला फारसं काही उरणार नाही. साबण लावेल, दोन हात फिरवेल, गप्पा मारेल. त्याने विचारलं, नानांना कळलं तर? मी म्हटलं, नाही कळणार. दाढी कमी वाढते म्हणेल."

नानाने आपला उजवा हात पिशवीमागे नेला. तो थरथरतो हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. सकाळची थंडी, रात्रीची अपुरी झोप, नानीचा कडक चहा, अशी कारणं त्याने हाताशी ठेवली होती.

"आणि बाकावरचे?" त्याने विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे रे. म्हणून तर केस तुझ्याकडे. कात्रीने कुणी मरत नाही."

नाना पिशवीचा बंद बांधू लागला. मग मास्तरच म्हणाला, "ती ब्लेडची पुडी तू सोडलीस. कंडक्टरने मुलीला फोन करून सांगितलं, तेव्हा तिने तुम्हा दोघांनाही बंदी घातली. आता मला कुणीच नाही. मेलो तरी चालेल, पण असल्या अवतारात नको. तू केलंस, तू निस्तर."

नाना जिना उतरला आणि बाकासमोर जाऊन उभा राहिला. लाजेने कान तापले होते, पण पोटातली आग त्याहून मोठी होती. सगळ्यांनी मिळून त्याला सांभाळलं होतं, आणि त्यासाठी त्यांना त्या नव्याची मदत लागली होती! हे जास्त झोंबत होतं.

"ऐका," तो म्हणाला. "ब्लेडचं मी खोटं बोललो. पुरळ मफलरचं होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

कंडक्टरने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मी नव्याकडे गेलो होतो विचारायला," तो म्हणाला. "तोही हेच म्हणाला, मफलर काढून बघा. मी त्याला सांगितलं, नाना पन्नास वर्षांत कधी खोटं बोलला नाही. आता तू म्हणतोस बोललास. मग आज खरं बोलतोयस, हे कशावरून?"

पन्नास वर्षं जमवलेलं सगळं त्याने एका 'म्हणे'त घालवलं होतं, आणि आता खरं बोलायला त्याच्याजवळ तोंडच उरलं नव्हतं. तो बाकापासून वळला. मग रस्ता ओलांडून नव्याच्या दुकानात शिरला.

नवा टॉवेलांच्या घड्या घालत होता. वापरलेले नव्हतेच, तरी घालत होता. नानाला बघून थांबला.

"दाढी कर," नाना म्हणाला आणि रेक्झिनच्या खुर्चीत बसला.

इतकी वर्षं त्याने स्वतःची दाढी स्वतःच केली होती. उस्ताद गेल्यापासून दुसऱ्याच्या वस्तऱ्याखाली त्याचा गळा गेला नव्हता. काचेपलीकडे बाकावरचे तिघे उठून उभे राहिले होते, हे त्याला आरशात दिसत होतं.

"मला माहीत आहे तुम्ही काय बोललात ते," नवा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "माझी मुलगी पलीकडच्या वस्तीतल्या शाळेत जाते. तिच्या डब्यातलं आता कुणी खात नाही."

"माझ्यामुळे," नाना म्हणाला.

"हो. तुमच्यामुळे."

त्याने माफ केलं असं म्हटलं नाही आणि नानाने माफी मागितलीही नाही. नव्याने ब्लेडचं पाकीट घेतलं, नानाच्या डोळ्यांसमोर धरलं आणि फोडलं.

"मला कशाला दाखवतोस?"

"आता सगळ्यांना दाखवतो. कुणी आलं तर."

नानाने मान मागे टाकली. वस्तरा कानाखालून निघाला. नाना एकेक हात मोजत होता, कुठे दाबतो, कुठे ओढतो, कुठे अडखळतो, कुठे तरी चूक सापडेल म्हणून. गालाचा सुलटा हात, मग हनुवटीचा वळसा, जिथे भले भले घसरतात. चूक सापडली नाही. हात हलका होता, आणि नानाचा तिशीतला हात होता त्याहूनही बरा होता. जळत जळत नानाने ते मान्य केलं. मास्तरने आपला गाल योग्य माणसाच्या हाती दिला होता. वस्तरा गळ्याच्या घाटीवर आला, आणि मत्सराने डोळ्यांत पाणी आलेला नाना जराही न हलता बसून राहिला.